स्वच्छ शेताचा सोस

दिवाळीनंतर आठवडाभर गावी जाऊन आलो. माळ्यावरचा पसारा काढताना एका फाटक्या पोत्याखाली तिफणीचं चाडं सापडलं. बरोबर पुतण्याची मुलगी होती. तिने विचारलं, "आजोबा, ही वाटी खालून भोकं पडलेली कशी?" तेव्हा लक्षात आलं की आता हेसुद्धा समजावून सांगायला हवं. तर परदेशातल्या भाचरांनो, तुमच्यासाठीही सांगतो. तिफण म्हणजे तीन दातांची पाभर. प्रत्येक दातामागे एक पोकळ नळी. तिन्ही नळ्यांची वरची टोकं ज्या लाकडी वाटीत एकत्र येतात ते चाडं. बैल चालतात, मागून बाई चाड्यावर मूठ धरून चालते, आणि मुठीतून सुटलेलं बी तीन वाटांनी तीन तासांत पडतं. आमच्याकडे ही मूठ आईची असायची.

चाडं पुसत खाली आलो तर ओट्यावर वाद चालू होता. मका निघाला होता. शेतात धसकटं उभी, पाला आणि ताटं पसरलेली. धाकट्या भावाचं म्हणणं, पेटवून द्यावं, रोटाव्हेटर मारावा आणि गहू पेरावा. पुतण्या म्हणत होता, जाळायचं नाही आणि नांगरायचंही नाही, त्या कचऱ्यातच पेरायचं.

"काडीकचऱ्यात कुणी पेरतं का? येणारा-जाणारा काय म्हणेल?" भाऊ.

"तात्या, तुम्हीच सांगा आता," पुतण्या.

"हो दादा, तूच सांग," भाऊ.

आता, मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. शेतीतलं माझं ज्ञान बांधावर बसून हुरडा खाण्यापुरतं. पण मास्तरकीची एक खोड असते. उत्तर येत नसलं की 'उद्या सांगतो' म्हणायचं. पेरणीला अजून आठ-दहा दिवस होते. मी मुदत मागून घेतली आणि पुतण्याच्या संगणकासमोर ठाण मांडलं. त्या दिवसांत जे वाचलं ते इथे लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच स्वतःची एक चूक सापडली. 'पेरणीयंत्राचा शोध जेथ्रो टल या इंग्रजाने १७०१ च्या सुमारास लावला' हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी तिफण होती. माझ्याही घरी होती! पण ना मुलांनी विचारलं, ना मला सुचलं. कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दक्षिण भारतातल्या पाभरीबद्दल लिहिलेलं पत्र १७९७ मध्ये विलायतेत छापलं गेलं. पाभर ही युरोपातली नवी युक्ती, असंच तोही समजत होता. इथले शेतकरी ती सर्रास वापरताना पाहून तो चकित झाला. हे पत्र धरमपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. चीनमध्ये तर अनेक नळ्यांची पाभर दोन हजार वर्षांपूर्वीपासून होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

टलची थोरवी त्याने कमी होत नाही. तो चर्चमधला ऑर्गन वाजवायला शिकलेला होता आणि बी मोजून सोडण्याची कळ त्याला त्या वाद्याच्या आतल्या रचनेवरून सुचली. पण त्याचा एक समज मोठा गमतीचा होता. झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात, असं त्याला वाटे. म्हणून माती जितकी बारीक करावी तितकं पीक चांगलं. समज चुकीचा ठरला, सवय मात्र टिकली.

टलचं यंत्र असो की आमची तिफण, दोघांची अट एकच. शेत स्वच्छ हवं. कारण पाभरीचा दात आणि दंताळ्याचा दात यांत फरक काय? मोकळ्या मातीत तो तास काढतो. काडीकचऱ्यात तो कचरा गोळा करतो. दहा पावलांत तिन्ही दातांपुढे गठ्ठा जमतो, दात जमिनीतून वर उचलले जातात आणि बी वरच सांडतं. वडील बैल थांबवायचे, पायाने गठ्ठा मोकळा करायचे आणि पुन्हा हाकायचे. असं दिवसातून किती वेळा करणार? म्हणून आधी शेत साफ करायचं. वेचून, नांगरून, आणि उसाचं पाचट असेल तर जाळून.

इथे मला १९६२ सालची गोष्ट सांगायला हवी. ताई, तुला ती आठवत असेल, पण अर्धीच.

त्या वर्षी ऊस गेल्यावर वडिलांनी पाचट पेटवलं. मी बारा वर्षांचा. माझ्या हातात लिंबाचा ओला डहाळा देऊन त्यांनी मला वरच्या बांधावर उभं केलं. आग बांधाकडे आली तर झोडपायची, एवढंच काम. थोडा वेळ उभा राहिलो. मग पलीकडच्या बोरीखाली बोरं वेचायला गेलो. वारा फिरला. आग बांध ओलांडून शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीला लागली. गुरांचा उन्हाळ्याचा चारा तासाभरात राख झाला. वडिलांनी आमचा निम्मा कडबा गाडीत भरून त्यांच्याकडे नेऊन टाकला. मे महिन्यात चारा संपला तेव्हा आमची कालवड विकली. आई रडली होती. सगळे म्हणाले, वाऱ्यापुढे कोण काय करणार. मी बांधावर नव्हतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज साठाहून अधिक वर्षांनी इथे लिहितो आहे. भाऊ तेव्हा पाळण्यात होता. तोही हे इथेच वाचेल.

असो. वाचताना हाच सन पुन्हा समोर आला म्हणून थबकलो. १९६२ मध्येच अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, हर्नडन या गावी, हॅरी यंग नावाच्या शेतकऱ्याने पाऊण एकराच्या आतबाहेर तुकड्यात नांगर न घालता मका पेरला. वेडेपणा वाटेल, पण त्यामागे मोठा धडा होता. १९३०च्या दशकात तिथल्या मैदानी मुलखात नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्याने उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर धुळीने दिवसाची रात्र झाली. त्या काळात काही जणांच्या लक्षात आलं की मागच्या पिकाचा कचरा हेच मातीचं पांघरूण. कॅनडात चार्ल्स नोबल याने जमिनीखालून तण कापणारं पण वरचं काड जागेवर ठेवणारं पातं बनवलं. ते पेरणीआधीच्या मशागतीचं झालं. त्या काडात पेरायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

त्यातही अडचण दुहेरी होती. नांगर नुसती माती भुसभुशीत करत नाही, तण मारतो. नांगर सोडला तर तणाचं काय? त्याचं उत्तर कारखान्यातून आलं. पॅराक्वाट हे तणनाशक १९६० नंतर बाजारात आलं. (या उत्तराने पुढे स्वतःचे प्रश्न निर्माण केले, तो वेगळा विषय.) यंत्राचं उत्तर १९६६ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने बाजारात आणलं. पेरणीच्या फाळापुढे त्यांनी नागमोडी कडेची पोलादी चकती बसवली. चकतीने काड कापत पुढे जायचं, मागून बी पडायचं. ब्राझीलमधला हर्बर्ट बार्ट्झ नावाचा शेतकरी पावसाने माती वाहून जाताना पाहून हवालदिल झाला होता. तो १९७२ मध्ये यंगकडे जाऊन हे पाहून आला, तेच यंत्र मागवलं आणि त्याच वर्षी त्यात पेरणी केली. आज ब्राझीलमध्ये फार मोठ्या क्षेत्रावर अशी पेरणी होते.

पण चकतीचीही एक खोड आहे. कोरडं, ताठ काड कडक जमिनीवर असेल तर ते कचकन कापलं जातं. काड ओलं असेल, जमीन मऊ असेल, तर चकती त्याला कापत नाही, दुमडून तासात दाबते. बायकांच्या केसातली पिन जशी दुमडलेली असते तसं. बी त्या दुमडलेल्या काडात पडतं, मातीला टेकतच नाही. मग ते वाळतं, नाहीतर कुजणाऱ्या काडाबरोबर कुजतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात जॉन बेकर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी तासाचा आकारच बदलला. वर अरुंद चीर आणि आत दोन्ही बाजूंना रुंद जागा, म्हणजे इंग्रजी टी अक्षर उलटं धरल्यासारखं. बी आत सुरक्षित आणि वर मातीचं झाकण, त्यामुळे ओल टिकते.

हा उलट्या टीचा फाळ १९९०च्या सुमारास आपल्याकडे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात आला आणि साध्या पेरणीयंत्राला जोडला गेला. भात निघाल्यावर न नांगरता गहू पेरायचं यंत्र तयार झालं. हाताने कापलेल्या भाताच्या शेतात ते छान चाले. पण पंजाबात भात हाताने कापायचे दिवस संपत आले होते.

पंजाबचा पेच नीट समजून घेण्यासारखा आहे. मोठं कापणीयंत्र भाताच्या लोंब्या वरून कापतं आणि मळून झालेला पेंढा मागे ओळीने टाकतं. उभं खोड काही त्रास देत नाही, ते मुळाला धरून असतं. त्रास देतो तो सुटा पेंढा. एकरी अडीच-तीन टन! त्यात कुठलाही दात घाला, पन्नास पावलांत यंत्र गच्च. गव्हाचं काड तिथली गुरं खातात, भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त म्हणून तो फारसा खात नाहीत. शिवाय गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला पाहिजे. त्यातच भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदा झाला, की १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. हेतू योग्यच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणी पुढे गेली, आणि दोन पिकांमधले दिवस आणखी कमी झाले. हातात दोन-तीन आठवडे, शेतात टनांनी पेंढा, आणि खिशात आगपेटी.

२००१-०२ च्या सुमारास लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या अभियंत्यांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथच्या जॉन ब्लॅकवेल यांनी मिळून वेगळा विचार केला. विद्यापीठाच्या बाजूने एच. एस. सिद्धू हे त्यातले प्रमुख. आतापर्यंत सगळे काडातून वाट काढत होते. यांनी म्हटलं, काड उचलूया. चारा कापायचं यंत्र पुढे, पेरणीयंत्र मागे. पुढच्याने पेंढा कापून उचलायचा, उघड्या झालेल्या जमिनीत मागच्याने पेरायचं, आणि पेंढा वरून मागे फेकायचा, पेरलेल्यावर पांघरूण म्हणून. नाव ठेवलं हॅपी सीडर.

पहिलं यंत्र अवजड होतं, धूळही फार उडवायचं. सुधारत सुधारत पुढे जे रूप आलं, त्यात पेंढा उचलणंही सोडून दिलं. प्रत्येक दाताच्या पुढे गोल फिरणारी पाती. ती दाताच्या अंगाला लागूनच फिरतात, दातापुढे आलेला पेंढा तोडतात आणि दोन ओळींच्या मधे ढकलतात. सगळं शेत साफ करायचं नाही, फक्त दातापुरती बोटभर पट्टी मोकळी करायची. हे वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. वडील बैल थांबवून पायाने जे करायचे, तेच ही पाती मिनिटाला शेकडो वेळा करतात, यंत्र न थांबवता! कल्पना एवढीच, पण तिथे पोचायला इतकी वर्षं आणि इतके देश लागले.

मग प्रश्न सुटला का? नाही. आणि माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे.

सुरुवातीला मला वाटलं की शेतकरी हट्टी आहेत. मुलीकडे दिल्लीला गेलो होतो तेव्हा डोळे चुरचुरत असताना बातम्या बघून मीही पंजाबच्या नावाने बोटं मोडली होती. पण त्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीच्या पुढचा लागतो. सकाळी दवाने पेंढा ओला असला की यंत्र गच्च होतं, म्हणून दिवसातले मोजके तासच काम. पेंढा ओळीने पडलेला असेल तर आधी तो सारखा पसरायला हवा. त्यासाठी कापणीयंत्राच्या मागे पसरणारं जोडयंत्र लागतं, ते पंजाबने २०१८ मध्ये सक्तीचं केलं. पेंढ्याखाली उंदीर, किडी लपतात. आणि दीड लाखाच्या आसपासचं यंत्र वर्षातून वीस-पंचवीस दिवस चालणार. केंद्र सरकारने २०१८ मध्ये यंत्रांसाठी अकराशे पन्नास कोटींहून मोठी योजना आणली, एकट्या शेतकऱ्याला निम्मी आणि गटांना ८० टक्के सवलत दिली. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं की जाळण्यापेक्षा हॅपी सीडरने पेरणं सरासरी १० ते २० टक्के अधिक फायद्याचं आहे. पहिलं पाणी वाचतं, मशागतीचं डिझेल वाचतं. टनभर पेंढ्यात ५.५ किलो नत्र आणि २५ किलो पालाश असतं, ते शेतात राहतं.

तरीही एक तक्रार राहिलीच, आणि ती हिशेबात बसत नव्हती. शेत घाण दिसतं! पेरून दोन-तीन आठवडे नुसता पेंढाच दिसतो. शेजाऱ्याच्या जाळून नांगरलेल्या रानात हिरव्या ओळी उठून दिसतात आणि आपल्याकडे उकिरडा. लोक हसतात. याच कारणाने पुढे सुपर सीडर नावाचं यंत्र जास्त खपू लागलं. त्यात रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्र एकत्र. ते पेंढा मातीत गाडतं. डिझेल जास्त लागतं, ट्रॅक्टर आणखी मोठा लागतो, जमिनीवरचं पांघरूण जातं. पण शेत स्वच्छ दिसतं. जाळण्यापेक्षा ते कितीतरी बरं, हे मान्य. पण पाहा, तीनशे वर्षं यंत्राची अट होती की शेत स्वच्छ हवं. अभियंत्यांनी ती अट मोडून दाखवली. तोवर ती अट आपल्या डोळ्यांत जाऊन बसली होती. यंत्र बदलायला कारखाना पुरतो. डोळा बदलायला काय पुरतं, ठाऊक नाही.

आगी कमी झाल्या आहेत, हेही सांगायला हवं. उपग्रहाने मोजलेल्या पंजाबातल्या आगी २०२० मध्ये ८३ हजारांच्या घरात होत्या, त्या २०२४ मध्ये अकरा हजारांच्या आत आल्या. उपग्रह दुपारी वरून जातो आणि नंतर लावलेली आग त्याला दिसत नाही, असंही अभ्यासक म्हणतात. म्हणजे आकडा पूर्ण खरा नसेल, पण यंत्रांचा काही वाटा त्यात नक्की आहे.

हे सगळं मी ओट्यावर बसून दोघांना सांगितलं. भाऊ शांतपणे ऐकून म्हणाला, "दादा, आपले नाना शेत कसं ठेवायचे? आरशासारखं. लांबून माणसं बघायला यायची." हे खरं होतं. वडिलांचा तो अभिमान होता आणि त्या अभिमानातच आम्ही वाढलो. माझ्या वर्गातही ज्याची वही स्वच्छ त्याला दोन गुण जास्त मिळायचे.

शेवटी मी मास्तरी तोडगा काढला. विहिरीजवळचा एक एकर पुतण्याचा, बाकीचं भावाचं. भावानेही आपल्या बाजूने एक पाऊल टाकलं. आग लावली नाही, कुट्टी करून रोटाव्हेटर मारला. पुतण्याने शेजारच्या तालुक्यातून न नांगरता पेरायचं यंत्र भाड्याने आणलं. ते हॅपी सीडर नव्हतं, पुढे फिरती पाती नव्हती. मक्याची ताटं आधी कुट्टी करून घेतली होती, तरी यंत्र दोनदा तुंबलं. दोन्ही वेळा पुतण्या खाली उतरला आणि दातांपुढचा गठ्ठा त्याने पायाने मोकळा केला. आजोबांना त्याने कधी पाहिलेलं नाही. भाऊ बांधावर आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मी पुण्याला परत आलो. चाडं बरोबर आणलं, ते टेबलावर आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, "त्या एकरात उगवलंय. पण उभ्याने दिसत नाही. वाकून बघावं लागतं."

म्हणजे तो वाकला होता.

पीक कसं येतं ते मार्चमध्ये लिहीन. चूकभूल द्यावी घ्यावी.